जीर्णोद्धार यंत्राचा

जुनी वस्तू दुरुस्त करणे आणि जुनी वस्तू नवी करून टाकणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कोरीव दगडी देवळाचा निखळलेला चिरा पुन्हा जागी बसविला, तर तो जीर्णोद्धार होय. परंतु त्याच देवळाच्या खांबांवर तैलरंगाचे थर चढविले, तर देऊळ नवे दिसते आणि शिल्पकाराच्या छिन्नीचे काम मात्र दिसेनासे होते. जो विवेक देवळाच्या बाबतीत हवा, तोच यंत्राच्या बाबतीतही हवा. कारण काल-परवाची म्हणून ओळखली जाणारी यंत्रेही आता जीर्ण होऊ लागली आहेत. एका संगणकाच्या उदाहरणाने हे नीट समजेल.

इंग्लंडातील केंब्रिज येथे एकॉर्न नावाची कंपनी होती. बीबीसी या ब्रिटिश नभोवाणी संस्थेने लोकांना संगणकाचे शिक्षण देण्याची योजना आखली. तिच्यासाठी एकॉर्नने १९८१ साली टेबलावर मावणारा एक संगणक तयार केला. त्याचे नाव 'बीबीसी मायक्रो'. त्याच्या मोठ्या नमुन्याची स्मृती ३२ किलोबाइट, म्हणजे सुमारे बत्तीस हजार इंग्रजी अक्षरे मावतील एवढी होती. ब्रिटनमधील शाळाशाळांतून तो पोहोचला. भारतातही १९८४-८५ साली शालेय संगणकशिक्षणाचा 'क्लास' नावाचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा शाळांना हेच यंत्र देण्यात आले. बटण दाबले की दोन सुरांचा लहानसा नाद होई, पडद्यावर एक खूण उमटे, आणि यंत्र आज्ञेची वाट पाहत थांबे. पुढे काय करावयाचे, ते मुलाने स्वतःच लिहावयाचे असे.

आज चाळीस वर्षांनंतर असे एखादे यंत्र माळ्यावरून खाली येते, तेव्हा त्याची फिकट रंगाची पेटी पिवळी पडलेली असते आणि कळांखाली धूळ साचलेली असते. खरा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. वीजपुरवठ्याच्या भागातील काही कंडेन्सरांच्या वेष्टणाला काळाच्या ओघात तडे गेलेले असतात आणि त्यांतून हवेतील दमटपणा आत शिरलेला असतो. उत्साहाच्या भरात कोणी लगेच वीज सुरू केली, तर कंडेन्सर जळून खोलीभर धूर होण्याचा संभव असतो. म्हणून जाणता कारागीर यंत्र आधी उघडतो, नीट पाहतो, खराब कंडेन्सर काढून त्याच मापाचा नवा कथिलाने जोडतो, आणि मगच बटणाला हात लावतो. विजेशी गाठ असल्यामुळे मुलांनी हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीवाचून कधीही करू नये.

येथे कोणी म्हणेल, की एवढा खटाटोप कशासाठी? चार गिगाबाइट स्मृतीच्या साध्या भ्रमणध्वनीतही या यंत्राच्या एक लक्ष एकतीस हजार पट स्मृती असते. मग हे जुने लाकूड पुन्हा पुन्हा तासण्यात काय हशील?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासानेच देऊन ठेवले आहे. इंग्लंडात १०८६ साली राजाज्ञेने गावोगावच्या जमिनींची व मालमत्तेची मोजदाद झाली. तो 'डूम्सडे' ग्रंथ आजही वाचता येतो. त्याला नऊशे वर्षे झाली, तेव्हा १९८६ साली बीबीसीने नवा डूम्सडे संग्रह काढला. दहा लाखांहून अधिक लोकांनी त्यात भाग घेतला, आणि त्यांत शाळेतील मुलेही पुष्कळ होती. आपले गाव कसे आहे आणि लोक कसे राहतात, हे त्यांनी लिहून पाठविले. ते सारे लेसरने वाचावयाच्या मोठ्या तबकड्यांवर साठविले गेले, आणि त्या पाहण्यासाठी बीबीसी मायक्रोचाच वारस असलेला संगणक वापरीत. पुढे पंधरा-सोळा वर्षांतच ती वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली. नऊशे वर्षांपूर्वीचे चर्मपत्र वाचता येत होते, पण मुलांनी काल लिहिलेले वाचता येईना! अखेरीस लीड्स आणि मिशिगन या विद्यापीठांतील संशोधकांनी ती माहिती नव्या संगणकांवर उतरविण्याची युक्ती काढली. परंतु तबकडीवरून ती प्रथम उचलण्यासाठी जुने, चालते वाचकयंत्रच हवे होते. ते कोणी जपले नसते, तर लक्षावधी माणसांचे शब्द मुके झाले असते. जुने यंत्र म्हणजे एक किल्ली असते. कुलूप शिल्लक असेपर्यंत किल्ली फेकून देऊ नये.

याउलट काही मंडळींचे म्हणणे असे, की जुन्या यंत्राला हातच लावू नये. ते काचेच्या कपाटात जसेच्या तसे ठेवावे, त्यात नवे काहीही मिसळू नये. या म्हणण्यात आदर आहे. पण तो अपुरा आहे. न चालणारे यंत्र केवळ आपला आकार सांगते, काम सांगत नाही. शिवाय नवे जोडणे हे या यंत्राच्या स्वभावाविरुद्ध मुळीच नाही. आपले यंत्र पुढे अपुरे पडणार, हे त्याच्या कर्त्यांनी आधीच ओळखले होते. म्हणून त्यांनी यंत्राच्या तळाशी जोडण्यांची एक रांग ठेवली आणि आत काही खाचे मुद्दाम रिकामे सोडले. त्यांपैकी 'ट्यूब' नावाच्या जोडणीला दुसरा प्रोसेसर लावता येई. एकॉर्नमध्येच 'आर्म' नावाचा नवा प्रोसेसर तयार झाला. त्याची पहिली चिप २६ एप्रिल १९८५ रोजी चालली, ती या ट्यूबच्या वाटेनेच बीबीसी मायक्रोला जोडून. आजच्या बहुतेक भ्रमणध्वनींत त्याच आर्मचे वंशज काम करीत आहेत.

तेव्हा यंत्रात सुधारणा करावी की नाही, हा खरा प्रश्न नव्हे. ती कोणत्या वाटेने करावी, हा खरा प्रश्न आहे. जुन्या तबकड्या झिजल्या म्हणून तळाच्या जोडणीला स्मृतिपत्र वाचणारे नवे साधन लावले, तर ते दारातून आलेल्या पाहुण्यासारखे होय. ते केव्हाही काढता येते आणि यंत्र पूर्ववत होते. परंतु नव्या तारेसाठी पेटीला भोक पाडणे, किंवा आतील सारे उपटून तेथे आजचा संगणक बसविणे, हे भिंत फोडून घरात शिरण्यासारखे आहे. तसे केल्यावर बाहेर जुने नाव उरते आणि आत जुने काहीच उरत नाही.

म्हणून चांगला दुरुस्तकार तीन नियम पाळतो. जे परत काढता येईल, तेच तो जोडतो. काढलेला जुना भाग तो चिठ्ठी लावून डबीत जपून ठेवतो. आणि काय बदलले, केव्हा बदलले, हे तो वहीत लिहून ठेवतो. कारण आपल्यानंतरही हे यंत्र कोणीतरी उघडणार आहे, याची त्याला जाणीव असते. ज्याने यंत्र घडविले त्याचा मान, आणि जो ते पुढे उघडील त्याची सोय, ही दोन्ही ज्याच्या हातून सांभाळली जातात, त्याच्याच कामाला जीर्णोद्धार हे नाव शोभते.