पहिल्या पगाराचा अर्धाच हिशेब



गेले पंधरा दिवस आपल्या मंडळींत पहिल्या पगाराच्या आठवणींची लाट आली आहे. कोणी २१५ रुपयांवर शिक्षक म्हणून लागले, कोणी २६० वर पी.डब्ल्यू.डी.त. सगळ्या पोस्टचा शेवट मात्र एकच. "तेवढ्यात आठ माणसांचं घर चालायचं, वर शिल्लक पडायची. आणि आजची मुलं लाखभर मिळवूनही रडतात!" खाली पन्नास नमस्कार आणि "अगदी खरं".

मी छत्तीस वर्षं बँकेत काढली आणि बी.कॉम. आहे, त्यामुळे अर्धवट हिशेब दिसला की हात शिवशिवतात. स्पष्टच लिहितो, हे अगदी खरं नाही. आणि आधी कबूल करतो की अशीच एक पोस्ट गेल्या वर्षी मीही लिहिली होती.

माझा पहिला पगार नोव्हेंबर १९७३ चा. ३१८ रुपये ४० पैसे. राष्ट्रीयीकरणाला चार वर्षं झाली होती, नव्या शाखा उघडत होत्या, भरती जोरात होती. मी क्लार्क म्हणून लागलो. हेड कॅशियरने मुद्दाम कोऱ्या नोटा काढून दिल्या. संध्याकाळी सराफ्यातून पाव किलो पेढे घेतले, सायकल दामटत मल्हारगंजातल्या वाड्यात आलो आणि पाकीट देवापुढे ठेवलं. अण्णांनी ते उचलून मोजलं, त्यातली दहाची एक नोट माझ्या हातावर ठेवली. "आता घर सावरलं," म्हणाले. गेल्या वर्षी मी एवढंच लिहिलं होतं. दोनशे जणांनी वाहवा केली.

आता एकेक कलम तपासू.

पहिलं, ३१८ रुपये म्हणजे किती? आकडा ऐकून आजची मुलं हसतात आणि आपण त्यागमूर्तीसारखे गप्प बसतो. त्या वर्षी सोनं तोळ्याला तीनशेच्या आसपास होतं. म्हणजे एका क्लार्कच्या पहिल्या पगारात जेमतेम का होईना, तोळाभर सोनं यायचं. आज तोळा लाखाच्या वर आहे. सरकारी बँकेत आज लागणाऱ्या क्लार्कने महिन्याच्या पगारात तोळाभर घेऊन दाखवावं. सोन्याने पगार मोजणं काटेकोर नाही, मला माहीत आहे. म्हणून घरभाडं घ्या. वाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांचं भाडं ३५ रुपये, म्हणजे पगाराचा नववा हिस्सा. माझा नातू पुण्यात एका खासगी बँकेत आहे. हातात ३२ हजार येतात, त्यातले १४ हजार एका खोलीचे जातात. हा जवळजवळ निम्मा पगार झाला. आता कोण उधळ्या आणि कोण काटकसरी, ते तुम्हीच ठरवा.

दुसरं, "तेव्हा स्वस्ताई होती" हे पालुपद. कधी होती? १९७४ साली महागाई वीस टक्क्यांच्या वर गेली होती. साखरेसाठी, रॉकेलसाठी रेशनच्या रांगेत पिशव्या ठेवून नंबर धरलेले आपणच ना? त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारने सक्तीच्या ठेवीचा वटहुकूम काढला. वाढीव महागाई भत्त्यातला अर्धा भाग हातात न देता ठेवीत जमा. आमच्या शाखेत काय शिव्या पडत होत्या, ते इथे लिहिता येणार नाही. आज तेच सहकारी लिहितात, "आम्ही कधी तक्रार केली नाही." अहो, आपण गेटसमोर घोषणा दिल्या आहेत! त्या दिल्या म्हणूनच महागाई भत्ता, ग्रॅच्युइटी आणि पुढे १९९५ ची पेन्शन पदरात पडली. तक्रार करून मिळवलेलं खायचं आणि नातवाला म्हणायचं, तक्रार करू नको. हा कुठला न्याय?

तिसरं, नशिबाचं कलम. माझा वाड्यातला मित्र त्याच सुमारास गिरणीत लागला. त्याचा पगार माझ्यापेक्षा वीस-पंचवीस रुपयांनी जास्त होता आणि त्याच्या आईने आमच्याकडे दुप्पट पेढे पाठवले होते. तेव्हा इंदूर गिरण्यांचं गाव होतं, भोंग्यावर घड्याळ लावायचं. पुढे त्या एकेक बंद पडल्या. हुकूमचंद मिल १९९२ च्या सुमारास बंद झाली, आणि तिच्या कामगारांच्या देण्याचे पैसे हातात पडायला डिसेंबर २०२३ उजाडला. तोवर कितीतरी कामगार हे जग सोडून गेले होते. माझा मित्र दुसऱ्या गिरणीत होता. शेवटची वीस वर्षं त्याने लोकांच्या दुकानांवर हिशेब लिहून काढली. तो माझ्याहून कमी कष्टाळू होता का? मुळीच नाही. मी बँकेच्या दारातून आत गेलो, तो गिरणीच्या. एवढाच फरक.

आता चौथं कलम, ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसलो.

माझी ती पोस्ट वाचून देवासहून ताईचा फोन आला. ताईला ब्याऐंशीवं चालू आहे. म्हणाली, "छान लिहिलंस रे. फक्त एक विचारू? तुझा पगार यायच्या आधी आठ वर्षं घरात काय येत होतं?"

मी गप्प. ती हसली आणि दुसरं काहीतरी बोलू लागली.

१९६५ साली अण्णांची नजर अधू झाली आणि क्लॉथ मार्केटमधली त्यांची कारकुनी सुटली. ताई तेव्हा बावीस वर्षांची. ती एका खासगी प्राथमिक शाळेत शिकवायला लागली. सही १२० रुपयांवर, हातात ७५. तेव्हा ही सर्रास पद्धत होती. अण्णांनाही माहीत होतं, शाळेतल्या सगळ्यांना माहीत होतं. माझी कॉलेजची फी, पुस्तकं, परीक्षेसाठी घेतलेली एकमेव टेरिकॉटची पँट, सगळं त्या ७५ मधून आणि तिच्या शिवणाच्या मशीनमधून आलं. तिचं पाकीट कधी देवापुढे ठेवलं गेलं नाही. ती थेट किराणावाल्याची उधारीची वही मिटवून घरी यायची. पेढेही नाहीत. माझा पगार सुरू झाल्यावर दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, बत्तिसाव्या वर्षी. नातेवाईक म्हणायचे, "मुलीचं जरा लांबलंच." का लांबलं, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. मलाही नाही.

फोन ठेवल्यावर मी कागद घेतला. पुढे तिचा पगार थोडा वाढला, तो धरत नाही. महिन्याला ४५ रुपये तिच्या सहीचे, पण तिच्या हाती न आलेले. आठ वर्षांचे ९६ महिने. ४,३२० रुपये. माझे जवळजवळ साडेतेरा पगार. त्यावर पी.एफ. नाही, ग्रॅच्युइटी नाही, आज पेन्शन नाही. मला मात्र दर महिन्याला बिनचूक पेन्शन जमा होते, आणि ती वाढवून मिळत नाही म्हणून मी निवेदनांवर सह्या करतो. करायलाच हव्यात, ते वेगळं. पण ताईने कोणत्या निवेदनावर सही करायची?

आणि हे सगळं जुनं झालं, असं समजू नका. बँकेत शेवटच्या वर्षांत मी काउंटरमागे बसून पाहिलं आहे. शिक्षिकांच्या खात्यात पगार जमा व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चार-पाच जणी एकसारखीच रक्कम काढायला एकत्र यायच्या. कोणाला परत द्यायची, हे त्या सांगत नसत आणि आम्ही विचारत नसू. व्हाउचर बरोबर, सही बरोबर, पेमेंट करून मोकळे. आज वाटतं, निदान एकदा तरी विचारायला हवं होतं.

कोणी म्हणेल, "काका, गोड आठवणी आहेत, त्यात कशाला हे कडू?" आठवणी गोडच असू द्या. माझ्या त्या पेढ्यांची चव मलाही हवीच आहे. पण त्या आठवणीची काठी करून आपण नातवंडांना मारतो, तेव्हा हिशेब पूर्ण दाखवावा लागतो. जमा बाजू मोठ्याने वाचायची आणि नावे बाजूवर हात ठेवायचा, हे बँकेत चाललं नसतं. घरातही चालू नये. "तेवढ्यात घर चालायचं" म्हणताना ते कोण चालवत होतं, तेही लिहा. कोणाचं शिक्षण थांबलं, कोणाचं लग्न लांबलं, कोणाच्या बांगड्या गहाण पडल्या.

म्हणून विनंती आहे. पुढची पोस्ट लिहायच्या आधी घरात विचारा. आईचा, ताईचा, वहिनीचा, आत्याचा पहिला पगार किती होता? सही कितीवर होती आणि हातात किती आले? शिकवण्या, शिवण, पापड-लोणची, सगळं धरा. ज्या हयात नाहीत, त्यांचं निदान आठवून लिहा. आणि नातू भेटला की त्याला आपला आकडा ऐकवू नका. त्याचा कापून किती येतो ते विचारा, आणि पुढचं ऐकून घ्या.

सुरुवात मीच करतो. आमच्या घरातला पहिला पगार ३१८ रुपये ४० पैसे नव्हता. तो ७५ रुपये होता, १९६५ चा, आणि तो ताईचा होता. गेल्या रविवारी देवासला जाऊन तिच्यासमोर हे वाचून दाखवलं. सराफ्यातले पेढे नेले होते, या वेळी अर्धा किलो. ताई म्हणाली, "मला साखर आहे रे," आणि दोन खाल्ले.