कुलूप लावलेल्या घरावर हक्क कुणाचा?

लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हा पत्ता आपल्याला पाठ आहे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घर विकत घेऊन स्मारक केले. मात्र २०१८ मध्ये स्थानिक कॅमडन कौन्सिलने संग्रहालयाला परवानगी नाकारली. कारण दिले, राहण्याची जागा कमी होते. मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने ती परवानगी दिली. तेव्हा आपल्याला राग आला आणि तो रास्तच होता. पण त्या नकारामागचे तत्त्व समजून घ्यायला हवे. घर राहण्यासाठी असते, आणि ते वापराविना पडून राहिले तर तो एकट्या मालकाचा प्रश्न उरत नाही.

हेच तत्त्व तिथल्या कौन्सिल बंद घरांनाही लावतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळ रिकामी असलेली सुमारे २ लाख ६५ हजार घरे होती. त्याच वर्षी १ लाखाहून जास्त बेघर कुटुंबे कौन्सिलने दिलेल्या तात्पुरत्या निवाऱ्यात दिवस काढत होती.

अशा घराच्या मालकाला कौन्सिल आधी पत्रे पाठवते. काही ठिकाणी दुरुस्तीसाठी अनुदान किंवा कर्ज देते. एप्रिल २०२४ पासून वर्षभर रिकाम्या राहिलेल्या घराला दुप्पट कौन्सिल टॅक्स लावता येतो. दहा वर्षे रिकामे असेल तर चौपट. २००४ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार मालकी न घेता घराचा ताबा घेऊन ते भाड्याने देण्याचीही सोय आहे, पण ती क्वचितच वापरली जाते. हे सगळे थकले की १९८५ च्या कायद्यातील कलम १७ नुसार सक्तीची खरेदी.

ही खरेदी म्हणजे जप्ती नव्हे. मालकाला बाजारभावाने भरपाई मिळते, हरकत घेता येते, आणि सार्वजनिक हिताची ठोस गरज सिद्ध झाल्यावरच आदेश मंजूर होतो. वारसांचे वाद, आजारपण, दुरुस्तीला पैसा नसणे अशीही कारणे असतात. म्हणून आधी संधी देणे न्याय्यच आहे. अडचणही इथेच आहे. प्रक्रिया लांबते, पैसा आणि वकील लागतात, आणि कौन्सिलची तिजोरी रिकामी असते. त्यामुळे असे आदेश थोडेच निघतात. तरी नोटीस हातात पडताच घर विकणारे किंवा दुरुस्त करणारे मालक असतात. कायद्याचा धाकच अर्धे काम करतो.

आता आपल्याकडे पाहा. २०११ च्या जनगणनेत शहरी भारतात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. सक्तीचे संपादन आपल्यालाही नवे नाही. धरण, महामार्ग, प्रकल्प यांसाठी ते बहुतेकदा शेतकरी, आदिवासी आणि दलित वस्त्यांच्या दारात येते. गुंतवणूक म्हणून कुलूप लावून ठेवलेल्या फ्लॅटच्या दारात ते कधी गेले?

मुंबईतील जुन्या इमारती रहिवाशांसाठी संपादित करण्याची तरतूद १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आली. मालक न्यायालयात गेले. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितले की प्रत्येक खासगी मालमत्ता अनुच्छेद ३९ (ब) मधील 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही. मात्र काही मालमत्ता तशी ठरू शकते, आणि ते ठरवताना तिची टंचाई व समाजावरचा परिणाम पाहावा लागेल, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे दार पूर्ण बंद झालेले नाही.

ते उघडायचे तर आधी आकडे हवेत. आपल्या महापालिकेकडे माहिती अधिकारात अर्ज करा. शहरात रिकामी घरे किती, त्यांची नोंद कोण ठेवतो, त्यांच्यावर वेगळा कर आहे का? झोपडपट्टी हटवण्याची नोटीस घेऊन येणाऱ्यांना हेच तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

जय भीम!