डोळ्यांत तेल घालून!

हल्ली लॅपटॉपच्या बाजूला चहाच्या मगाबरोबर एक नवी डबी दिसायला लागलीय. डोळ्यांसाठी 'हर्बल' कॅप्सूल! झेंडूच्या फुलांतून काढलेलं ल्युटीन, ब्लूबेरीचा अर्क, असं काय काय तिच्यावर लिहिलेलं. माझ्या टीममधल्या एकाला नुकताच डायबेटिस निघाला. त्याने लगेच ही डबी आणली आणि मला म्हणाला, ''चला, डोळ्यांचं टेन्शन गेलं!'' बॉस, घोळ इथेच आहे.

आधी फंडा समजून घेऊ. रक्तातली साखर सतत जास्त राहिली की फ्री रॅडिकल्स वाढतात आणि डोळ्याच्या पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होऊन झिरपायला लागतात. हीच डायबेटिक रेटिनोपॅथी. ल्युटीन आणि झियाझँथिन ही पिवळी द्रव्यं पडद्याच्या मध्यभागी असतात आणि या रॅडिकल्सना आवर घालतात. शरीर ती बनवत नाही, ताटातूनच यावी लागतात. पालक, मेथी, शेवग्याचा पाला, मका. ती तेलात विरघळतात, म्हणून नुसत्या उकडलेल्या पालकापेक्षा लसणाची फोडणी दिलेली पातळ भाजी बेस्ट!

मग कॅप्सूल का नको? २०१३ सालच्या अमेरिकेतल्या 'एरेड्स-२' अभ्यासात रोज १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन दिलं होतं खरं, पण ते म्हातारपणी होणाऱ्या मॅक्युलाच्या आजारासाठी. डायबेटिसचा तिथे विषयच नव्हता. आणि सुट्टा गँगने जरा जास्तच जपावं. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्या स्मोकर्समध्ये फुप्फुसाचा कॅन्सर वाढल्याचं फिनलंडमध्ये १९९४ साली दिसलं होतं. गाजर मात्र खुशाल खा.

याउलट १९९३ सालचा 'डीसीसीटी' अभ्यास बघा. टाइप-१ डायबेटिसवाल्यांनी साखर काटेकोर सांभाळली, तर रेटिनोपॅथी सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला!

सगळ्यात वाईट म्हणजे हा आजार सुरुवातीला गुपचूप असतो. दुखत नाही, खुपत नाही, एक्सेल शीटही नेहमीसारखीच स्पष्ट दिसते. म्हणून टाइप-२ निघाल्या निघाल्या आणि मग दरवर्षी, बाहुली मोठी करणारे ड्रॉप्स घालून पडदा तपासून घ्यायचाच. वेळेत सापडलं तर लेझरने किंवा इंजेक्शनने नजर वाचवता येते. फक्त त्या दिवशी बाइक घरी ठेवा आणि रिक्षाने जा. ड्रॉप्सनंतर काही तास सगळं धूसर दिसतं!