पावसात खेळूक जागा खय?

मालवणला जाताना मी बॅगेत तीन गोष्टी हमखास टाकते. सनस्क्रीन, एक जाडजूड पुस्तक (जे कधीच वाचून होत नाही) आणि प्रचंड भूक. यंदाच्या मे महिन्यात मात्र सोलकढीचा पेला तोंडाला लावतेय तोच दादाने नाकासमोर मोबाइल धरला. स्क्रीनवर निळ्या पत्र्याची चकाचक इमारत. ‘बघ गो, ४५ दिवसांत उभी रवता!’

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. मुंबईत बारा वर्षं लोकलचे धक्के खाल्ले, मग पीएफ काढला आणि गाव गाठलं. आता त्याला स्वतःच्या जागेत इनडोअर हॉल टाकायचाय. दोन बॅडमिंटन कोर्ट, एक टेबल टेनिस, कोपऱ्यात कॅरम आणि दारात चहा-भजी. आयडिया सॉलिड आहे, बॉस! सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत स्कूबा बंद, होड्या बंद, पर्यटक होमस्टेच्या पडवीत बसून रेंज शोधत असतो. गावच्या पोरांचे हाल तर त्याहून वाईट. माझी भाची जिल्हा पातळीवर खेळते आणि पाऊस लागला की चार महिने भिंतीशी खेळते. ‘पावसात खेळूक जागा खय आसा?’ हा तिचा प्रश्न. दादाचा हॉल म्हणजे त्याचं उत्तर.

प्रश्न फक्त एवढाच की तो बांधायचा कशाचा.

मामांचं मत ठरलेलं. ‘पत्रो उडता, चिरो रवता.’ आणि हे ते उगाच म्हणत नाहीत. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा पत्रे झाडावर आणि झाडं घरावर, असं दृश्य त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. पण मामांच्या लाडक्या जांभ्या चिऱ्याची भिंत कितीही दणकट असली तरी वर छप्पर लागतंच. बॅडमिंटनचं एक कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटर. दोन कोर्ट शेजारी-शेजारी आणि सगळीकडे दोन-दोन मीटर मोकळं ठेवलं की साधारण १८ मीटर लांब-रुंद जागा लागते आणि मध्ये एकही खांब चालत नाही. एवढा गाळा स्लॅबने झाकायला गेलात तर पीएफ पायातच संपेल. म्हणून जगभर लोक फॅक्टरीत कापून-भोकं पाडून आणलेला लोखंडी सांगाडा जागेवर बोल्टने जोडतात. यालाच हल्ली मॉड्युलर, प्री-इंजिनिअर्ड वगैरे छान छान नावं आहेत. गावात त्याला शेड म्हणतात.

दादाच्या डोक्यात आधी कंटेनरचं खूळ होतं. २०२२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपसाठी कतारने दोहामध्ये ९७४ कंटेनर वापरून आख्खं स्टेडियम उभं केलं, मग आपण का नाही? मी मेजरिंग टेप काढली. (म्हणजे गुगल काढलं.) कंटेनरची रुंदी २.४४ मीटर, उंची २.५९. यात कोर्ट जाऊ दे, स्मॅश मारायला हात वर केला तरी रॅकेट छताला! दोहातही मुख्य सांगाडा पोलादाचाच होता. कंटेनरमध्ये टॉयलेट, स्टॉल असले प्रकार. तेव्हा दादाच्या नशिबात कंटेनर आलाच तर तो भज्यांसाठी. उंचीचं गणित तसंही लोक विसरतात. ब्रोशरमधली ‘स्टँडर्ड’ शेड गोडाऊनची असते. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना १२ मीटर उंची लागते. क्लबच्या खेळाला एवढी नको, पण आठ-नऊ मीटर तरी हवीच, नाहीतर प्रत्येक उंच शटल छताला टेकून येणार.

आता खरी मेख. खारा वारा.

लोखंड आणि समुद्र यांचं जमत नाही, हे मालवणला वेगळं सांगायला नको. राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नट-बोल्टला गंज चढतोय, असं सार्वजनिक बांधकाम विभागाने त्याआधी काही दिवस पत्राने कळवलेलं होतं. समोरच सिंधुदुर्ग किल्ला. त्याच्या पायाच्या दगडांत शिसं ओतलंय, असं इथलं प्रत्येक शेंबडं पोर सांगतं. म्हणजे जोड कशाने सांधायचे हा इथला जुनाच प्रश्न.

शेडमध्ये गंज सुरू होतो तो पत्र्याच्या मध्यावर नाही. कापलेल्या कडेला, दोन पत्रे एकमेकांवर चढतात त्या फटीत आणि स्क्रूच्या डोक्याखाली. आणखी एक गंमत ऐकून मी उडालेच. पावसाने धुतला जाणारा पत्रा जास्त टिकतो! पागोळीच्या आतली बाजू, जिथे मीठ बसतं पण पाऊस पोचत नाही, ती आधी जाते. म्हणून पत्रा घेताना रंग बघू नका. खाली अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा थर किती, ते विचारा. चौरस मीटरला १५० ग्रॅमचा असेल तर बोलणं पुढे न्या. सांगाड्याला रंग लावण्याआधी ब्लास्टिंग करून गंज काढणार का, स्क्रू कसले, रबरी वॉशर किती वर्षांनी बदलायचे, हेही विचारा. दादाने हे प्रश्न ४५ दिवसांवाल्याला फोनवर विचारले. ‘साहेब, गॅरंटी आहे ना!’ कसली, ते लेखी मात्र शेवटपर्यंत आलं नाही.

वाऱ्याचंही तेच. वादळात छप्पर नुसतं बाहेरून ओढलं जात नाही. मोठं शटर उघडं राहिलं की आत शिरलेली हवा त्याला खालून ढकलते. तेव्हा डिझाइन आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागातल्या वाऱ्याच्या हिशोबाने, आपल्याच किनाऱ्यासाठी केलेलं हवं. नागपूरच्या गोडाऊनचा ड्रॉइंग नको. शिवाय पत्र्यावर कोकणचा पाऊस म्हणजे आत कोचचं बोंबलणं ऐकू येत नाही. खाली इन्सुलेशन नसेल तर मे महिन्यात भट्टी आणि दमट दिवसांत छतातून टपटप. ओल्या कोर्टवर भाचीचा पाय मुरगळला तर हॉल कुणासाठी बांधला? फोमवालं पॅनेल स्वस्तात मिळत असेल तर ते आगीत कसं वागतं, हेही बघा. रॉकवूल जड असतं, पण जळत नाही.

आणि हो, ‘बोल्टचं आहे, कधीही उचलता येईल, परवानगी कशाला?’ हा फंडा डोक्यातून काढा. शेड हेही बांधकामच. भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत जागा असेल तर सीआरझेडही आलंच. दादाची जागा सुदैवाने बरीच आत आहे. तिथे खारा वाराही जरा नरम.

रात्री जेवणावर तह झाला. खाली तीन मीटरपर्यंत मामांच्या चिऱ्याची भिंत, वर दादाचा पत्रा. एरवी ओल, गुरं आणि पोरांच्या लाथा यांनी पत्र्याची खालचीच बाजू पिचते, त्यामुळे हे निव्वळ भांडण मिटवणं नाही, शहाणपण आहे. आतून गडद हिरवा रंग, म्हणजे पांढरं शटल दिसेल. उजेडाचे पारदर्शक पत्रे कोर्टच्या डोक्यावर नकोत, कडेला.

पण ऑर्डर अजून दिलेली नाही. पीएफ एकदाच मिळतो, असं वहिनीने भात वाढता वाढता सांगितलं आणि सगळे गप्प झाले. मी निघायच्या दिवशी मामा शिडी लावून वर चढले होते. तीन ठिकाणांहून मागवलेले पत्र्याचे तुकडे, प्रत्येकाला त्याच विक्रेत्याचे दोन-दोन स्क्रू मारलेले, आणि जागा कुठली? समुद्राकडच्या वळचणीला, अगदी आत, जिथे पाऊस पोचत नाही. भाचीने प्रत्येकावर मार्करने १, २, ३ लिहिलं. आता दर रविवारी ती फोटो पाठवते. चार आठवडे झालेत. २ नंबरच्या स्क्रूला लाल डोळा आलाय. गणपतीला गेले की बाकीच्यांचं बघेन.