चीनची सून चालते, मग वेशीबाहेरची?

रडलो. कबूल करतो.

जालन्यात एका मित्राच्या खोलीवर भिंतीला पांढरी चादर ठोकली आणि आम्ही आठ-दहा पोरांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ बघितला. व्ही. शांतारामांचा १९४६ चा पिक्चर. काळापांढरा. लढाई, बॉम्ब, जखमी शिपाई, आणि त्या धुराळ्यात जुळलेलं एक प्रेम. सोलापूरचा मराठी डॉक्टर, चिनी नर्स. शेवटी तो मरतो. ती लेकराला घेऊन हजारो मैल ओलांडून सोलापूरला सासरी येते. घर तिला आत घेतं. खोलीत कुणीतरी नाक ओढलं.

तेवढ्यात कोपऱ्यातला एक जण बोलला. दिवसभर सळईच्या कारखान्यात राबून आलेला. म्हणाला, “काहून रडायलात रे? चीनची सून चालली यांना. आपली चालली असती का?”

रडू जागच्या जागी थिजलं. हा लेख त्या एका सवालावर आहे.

आधी ज्याचं त्याला देऊ. द्वारकानाथ कोटणीस हा माणूस खोटा नव्हता. जपाननं चीनवर चाल केली, तेव्हा १९३८ साली काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक तिकडं पाठवलं. कोटणीस त्यातला एक. तो परत आला नाही. आठव्या मार्ग सेनेच्या शिपायांची ऑपरेशनं करत राहिला. क्वो छिंगलान नावाच्या नर्सशी त्यानं १९४१ साली लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मेला, तेव्हा पोरगं काही महिन्यांचं होतं. परक्या मुलखातल्या गरिबांच्या लढाईत जो हाडं झिजवतो, त्याला आपला सलाम. इथं भांडण कोटणीसशी नाही. भांडण टाळ्या वाजवणाऱ्यांशी आहे.

आता पिक्चरचा शेवट पुन्हा बघा. ती सोलापूरला नांदायला येते, हे पिक्चरनं रचलेलं आहे. खरी क्वो छिंगलान चीनमध्येच राहिली. भारतात आली ती पाहुणी म्हणून. २०१२ साली तिकडंच वारली. म्हणजे ज्या उंबरठ्यावर आपण रडलो, तो उंबरठा परदेशी सुनेनं नांदायला म्हणून कधी ओलांडलाच नाही. आणि पडद्यावर जी चिनी नर्स दिसते ती कोण? जयश्री. आपली मराठी नटी, आणि तेव्हा खुद्द शांतारामांची बायको. घरातलीच बाई चिनी कपडे घालून घरात आली, आणि प्रेक्षकाला वाटलं आपण सारं जग कवेत घेतलं. किती स्वस्तातली क्रांती! विटाळ नाही, बहिष्कार नाही, भावकीची बैठक नाही. तिकीट काढा, डोळे पुसा, घरी जा.

चीन लांब आहे. लांबचं माणूस कवटाळायला काही लागत नाही. महारवाडा, मांगवाडा हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून तो दिसत नाही.

हे फक्त इथलंच दुखणं नाही. महायुद्धातल्या प्रेमाचा जगात सगळ्यात गाजलेला पिक्चर अमेरिकेचा, ‘कासाब्लांका’. न्यूयॉर्कला तो पहिल्यांदा लागला २६ नोव्हेंबर १९४२ ला, कोटणीस मेला त्याच्या तेरा दिवस आधी. गोष्ट मोरोक्कोत घडते, पण मोरोक्कोची माणसं मागं गर्दीला उभी. गोऱ्या नायकाचं गोऱ्या नायिकेवर प्रेम, आणि त्या प्रेमासाठी पियानो वाजवणारा काळा सॅम. तो नायकाचा जिवलग, तरी पगारी. शेवटी नायिका विमानात बसते, नायक धुक्यात नव्या दोस्ताबरोबर चालू लागतो. आणि सॅम? तो मागंच राहिला. त्याचं कुणावर प्रेम होतं का, हे पिक्चरनं एकदाही विचारलं नाही. दुसऱ्याच्या प्रेमाला सूर देणं हेच त्याचं काम. गावात लग्न त्यांचं आणि हलगी आपली, त्यातलाच हा प्रकार. पियानो तेवढा महाग.

‘डॉ. कोटणीस’ आला त्याच १९४६ सालात बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहून काळ्यांचं आणि अस्पृश्यांचं दुखणं शेजारी शेजारी ठेवलं होतं. १९७२ साली मुंबईत पँथर हे नाव घेतलं गेलं ते उगाच नाही. सॅम आपला नातेवाईक आहे.

आणि युद्धच म्हणाल तर त्या युद्धात आपण नव्हतो काय? पहिल्या महायुद्धात महारांची पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ ला मोडली. दुसरं पेटल्यावर पुन्हा आठवण झाली, १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्या शिपायांना बायका होत्या, पत्राची वाट बघणाऱ्या पोरी होत्या. वर्दीत मान आणि गावी रजेवर आलं की वेशीबाहेर, असं त्यांचं जिणं. त्यांच्या प्रेमाची ‘अमर कहानी’ कोणत्या स्टुडिओनं काढली?

आपल्या प्रेमाची कहाणी पेपरात येते. क्राइमच्या पानावर. १ जानेवारी २०१३, सोनई, नेवासा तालुका : एका प्रेमापायी तीन मेहतर तरुण मारले. एप्रिल २०१४, खर्डा, जामखेड तालुका : सतरा वर्षांचं शाळकरी पोरगं. सवर्ण मुलीशी बोलतो एवढा संशय पुरला. २०१७ साली कोर्टात साक्षीदार फिरले आणि आरोपी सुटले. तिकडं जपानी बॉम्ब पडत असताना लग्न लागलं. इथं शांततेच्या काळात नुसतं बोलणं जिवावर बेततं. मग सांगा, युद्ध नेमकं कुठं चाललंय?

सरकार आंतरजातीय लग्नाला पन्नास हजार रुपये देतं. आणि विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर आधी तीस दिवसांची नोटीस लावा म्हणतं. म्हणजे शोधणाऱ्यांना तीस दिवस. बक्षीसही द्यायचं आणि पत्ताही द्यायचा.

बाबासाहेबांनी १९३६ लाच सांगून ठेवलं की जात मोडायची तर खरा इलाज रक्ताची सरमिसळ, आंतरजातीय लग्न. लाहोरच्या मंडळींना ते भाषण पचलं नाही, त्यांनी अधिवेशनच रद्द केलं. १९४८ साली बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर या सारस्वत बाईंशी लग्न केलं.

आता मित्रांनो, जरा अवघड बोलतो. त्या माईसाहेबांचं आपण काय केलं? बाबासाहेब गेल्यावर आपल्याच पुढाऱ्यांनी त्यांच्यावर संशय घेतला, वर्षानुवर्षं त्यांना चळवळीच्या बाहेर ठेवलं. सोलापूरच्या उंबरठ्याला बोलताना आपलाही उंबरठा बघू. बौद्धाच्या घरात मातंगाची सून किती? चर्मकाराच्या घरात मेहतराची? स्टेजवर जयभीम, आणि सोयरिकीच्या वेळी ‘आपल्यातलंच बघा’. ज्यांना सोनईचा राग येतो त्यांनी याही प्रश्नाला उत्तर द्यावं.

त्या रात्री चादर काढली, घडी घातली. सवाल विचारणारा पोरगा चप्पल घालता घालता हळूच म्हणाला, “माझं पण एक हाय. दुसऱ्या जातीची हाय. नोटीस लावावी का?”

आम्ही आठ-दहा जण. सगळे भाषणं ठोकणारे. कुणाला पटकन ‘लाव’ म्हणता आलं नाही. मग एकानं विचारलं, “तारीख कोणती?” दुसरा म्हणाला, “साक्षीदार तीन लागतात. मी एक.”

बाकी दोन जागा त्याच दारात भरल्या. तीस दिवस त्याच्या खोलीवर आळीपाळीनं झोपायचं ठरलंय. पिक्चर कुणी काढो न काढो.