चूक चालेल, मौन नको

प्रति,
मा. श्री. कल्याण चौबे,
अध्यक्ष, अखिल भारतीय फुटबॉल महासंघ,
फुटबॉल हाउस, द्वारका, नवी दिल्ली.

विषय : व्हीएआर, पंच आणि प्रेक्षकांचा हक्क



सांगलीजवळच्या माधवनगरहून हे पत्र लिहीत आहे. आमच्या गावाचं नाव आपण ऐकलं असेल तर ते क्रिकेटपटू स्मृती मानधनामुळं. ती इथंच लहानाची मोठी झाली. सांगली म्हणजे क्रिकेट, कुस्ती, हळद आणि नाटक, अशी बाहेरच्यांची समजूत आहे आणि ती काही खोटी नाही. पण कोल्हापूर इथून फार लांब नाही. तिथल्या शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलची चटक एकदा लागली की माणूस मोसमातला रविवार घरी काढत नाही. रात्री जागून प्रीमियर लीग बघणारी पोरंही आता गल्लोगल्ली आहेत. त्यामुळं फुटबॉलवरचे वाद आमच्याकडंही रंगतात, आणि गेली काही वर्षं त्यातला सगळ्यात चिवट वाद म्हणजे व्हीएआर, अर्थात व्हिडिओ असिस्टंट रेफरी, भारतात आणावा की नाही.

आणावाच म्हणणारे एकच नाव घेतात : दोहा. ११ जून २०२४, विश्वचषक पात्रता फेरी, भारत विरुद्ध कतार. छांगतेच्या गोलनं आपण पुढं होतो. जिंकलो असतो तर पात्रता स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत पहिल्यांदाच गेलो असतो. ७३व्या मिनिटाला कतारच्या युसूफ आयमनचा हेडर आपला गोलकीपर गुरप्रीतनं अडवला, चेंडू घरंगळत गोलपोस्टच्या बाजूनं रेषेबाहेर गेला. गुरप्रीत जमिनीवरच होता, बचावपटू गोल किकच्या समजुतीनं थांबले. तेवढ्यात कतारच्याच अल हुसेननं बाहेर गेलेला चेंडू पायानं आत ओढला आणि आयमननं तो जाळ्यात ढकलला. गोल दिला गेला. आपण २-१ हरलो. त्या फेरीत व्हीएआर नव्हताच. आपण फिफाकडं आणि आशियाई महासंघाकडं तक्रार केलीत, ते योग्यच केलंत. पण निकाल होता तिथंच राहिला. आपण स्वतः गोलकीपर होता. चेंडू रेषेबाहेर गेला हे दिसत असताना तो गोल धरला जाणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

नको म्हणणाऱ्यांकडंही दाखले आहेत. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस डियाझचा चोख गोल ऑफसाइड ठरला. व्हिडिओ पंचानं तो तपासला, गोल योग्य असल्याचं त्याला दिसलंही. पण मैदानावर गोल दिलेलाच आहे अशा समजुतीत त्यानं ‘तपासणी पूर्ण’ एवढंच कळवलं. खेळ सुरू झाला आणि चूक लक्षात येईपर्यंत मागं फिरायची वाट बंद झाली. पडदे होते, कॅमेरे होते, रेषा आखणारं यंत्र होतं. घात झाला तो दोन माणसांच्या अर्धवट बोलण्यात.

यंत्राची स्वतःची मर्यादाही आहेच. साधं प्रक्षेपण सेकंदाला ५० चित्रं टिपतं. दोन चित्रांमध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. सेकंदाला सात मीटर वेगानं पळणारा फॉरवर्ड तेवढ्यात १४ सेंटीमीटर पुढं सरकलेला असतो. पास देणाऱ्याचा पाय चेंडूला नेमका कोणत्या चित्रात लागला, हे ठरवणाराही माणूसच. आणि मग त्याच चित्रावर रेषा आखून काखेच्या नाहीतर गुडघ्याच्या टोकावरून गोल रद्द करायचा! २०२२च्या कतार विश्वचषकात १२ खास कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू आणि चेंडूत सेकंदाला ५०० वेळा नोंद घेणारा सेन्सर, एवढा सरंजाम उभारला तेव्हा कुठं ऑफसाइडचा हिशेब बराचसा भरवशाचा झाला. तो सरंजाम आपल्या आय-लीगच्या मैदानांवर कुठून आणणार?

म्हणूनच जगातही एकमत नाही. इंग्लंडमध्ये वुल्व्हज क्लबनं व्हीएआर बंद करण्याचा ठराव मांडला. जून २०२४ मध्ये तो १९ विरुद्ध १ मतांनी पडला. स्वीडनमध्ये मात्र क्लबांनी, म्हणजे पर्यायानं त्यांच्या सभासद प्रेक्षकांनी, ही व्यवस्था दारातच अडवली. नॉर्वेत विरोध इतका पेटला की जुलै २०२४ मध्ये प्रेक्षकांनी मैदानावर माशांचे वडे फेकले आणि सामना सोडून द्यावा लागला.

अध्यक्ष महोदय, मी या दोन्ही बाजूंचं ऐकत आलो आहे आणि माझ्या मते दोघांचं दुखणं एकच आहे. दोहाच्या रात्री आपल्याला राग आला तो पंच चुकला म्हणून, आणि त्याहून जास्त, तो का चुकला हे कुणीच सांगितलं नाही म्हणून. लिव्हरपूलवाले भडकले तेही याच कारणानं; पंचांच्या संस्थेनं चूक कबूल करून दोन पंचांमधलं संभाषण जाहीर केलं, तेव्हा कुठं निदान काय झालं ते लोकांना कळलं. पंचाची चूक प्रेक्षक गिळतो. कुरकुरत का होईना, गिळतो. त्याच्या घशाखाली उतरत नाही ते मौन.

आमच्याकडं कुस्तीचं उदाहरण ताजं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य लढतीत पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय झाला. राक्षेचं म्हणणं, माझी पाठ टेकलीच नाही. वाद वाढला, त्यानं पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. लाथेचं समर्थन कुणीच करणार नाही. पण पुढं आठवडाभर इकडच्या तालमींमधून आणि चहाच्या गाड्यांवर तोच व्हिडिओ पुढं-मागं करून बघितला जात होता. खांदा टेकला, नाही टेकला. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये पुरावा होता, आणि अधिकृत खुलासा मात्र तेव्हा कुणालाही पटेल असा आला नाही.

हेच चित्र मी कोल्हापूरच्या मैदानावर बघतो. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा तालमींचा सामना लागला की शाहू स्टेडियमवर मुंगीलाही वाट मिळत नाही. गोलपुढच्या गर्दीत कुणीतरी पडतो. एका गॅलरीतून ‘पेनल्टी!’चा गलका उठतो, दुसरीकडून शिट्ट्या. दहा-बारा खेळाडू पंचाभोवती कोंडाळं करतात. तेवढ्यात गॅलरीतला एक पोरगा मोबाइलवर तोच क्षण परत लावतो, आजूबाजूची डोकी त्या पडद्यावर वाकतात आणि चेंडू जागेवर यायच्या आत अख्ख्या स्टँडचा निकाल लागलेला असतो. म्हणजे मैदानात पुरावा सगळ्यांकडं आहे. नाही तो फक्त निर्णय देणाऱ्याकडं. आणि तोच पंच सामना संपल्यावर गाडीला किक मारून त्याच पेठांमधून घरी जातो. सोमवारी त्याला नोकरीवर हजर व्हायचं असतं.

आता भारतातल्याच एका मोठ्या प्रकरणाकडं येतो. ३ मार्च २०२३, बेंगळुरू, इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा, बाद फेरीचा सामना. केरळा ब्लास्टर्सचे खेळाडू भिंत लावण्याच्या तयारीत असताना सुनील छेत्रीनं झटकन फ्री किक मारून गोल केला. पंच क्रिस्टल जॉन यांनी तो दिला. ब्लास्टर्सचे प्रशिक्षक वुकोमानोविच संघ घेऊन मैदानाबाहेर गेले. महासंघानं क्लबला ४ कोटींचा दंड केला, प्रशिक्षकावर १० सामन्यांची बंदी घातली. शिक्षा झाली, पण प्रश्न उरलाच : शिट्टीची वाट बघायची होती की नव्हती? हा प्रश्न कॅमेऱ्यानं सुटणारा नाही. चेंडू जाळ्यात गेला, यावर वाद नव्हताच. पंचाच्या मनात काय होतं आणि ते खेळाडूंना कळलं होतं का, यावर वाद होता. त्याच वर्षी आपण बेल्जियमला जाऊन आलात आणि कमी खर्चातला ‘व्हीएआर लाइट’ आणण्याचं बोललात. त्यानंतर २०२३-२४ आणि २०२४-२५ असे आयएसएलचे दोन पूर्ण हंगाम त्याच्याविना गेले.

पैशाची अडचण आम्हाला कळते. आयएसएलचा १५ वर्षांचा व्यावसायिक करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला, आणि नव्या भागीदारासाठी काढलेल्या निविदेला एकही बोली आली नाही, हे आम्ही वाचलं आहे. ज्या घरात लीग भरणार का याचीच चिंता होती, तिथं कोट्यवधींच्या व्हिडिओ खोलीचं स्वप्न बघू नये. पण आता स्वस्त वाट आहे. फिफानं २०२४ मध्ये कोलंबियातल्या २० वर्षांखालील महिला विश्वचषकात ‘फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट’ ही पद्धत वापरली. तिला वेगळी खोली लागत नाही, वेगळे व्हिडिओ पंच लागत नाहीत. प्रशिक्षकाला सामन्यात दोन वेळा दाद मागता येते. दाद खरी ठरली तर संधी शाबूत राहते. पंच कडेच्या पडद्यावर स्वतः बघतो आणि स्वतः ठरवतो. इटलीच्या सेरी सी या तिसऱ्या पायरीवरच्या लीगनं २०२५-२६ पासून ती स्वीकारली आहे. प्रो कबड्डीतली दाद आणि क्रिकेटची डीआरएस पद्धत बघितलेल्या आमच्या प्रेक्षकाला ती समजावून सांगायलाही लागणार नाही. अंगठ्याएवढा ऑफसाइड तिच्यानं सापडणार नाही. दोहाचा गोल मात्र सापडेल.

क्रिकेटकडून आणखी एक गोष्ट घ्यावी. तिसरा पंच काय बघतोय, काय म्हणतोय, हे टीव्हीसमोर बसलेल्याला शब्दन् शब्द ऐकू येतं. ‘आधी नो-बॉल बघू. आता अल्ट्रा-एज दाखवा.’ निर्णय विरोधात गेला तरी माणूस मान हलवतो. याच क्रिकेटमध्ये भारतीय मंडळानं डीआरएसला २०१६ पर्यंत विरोध केला होता, हेही विसरायला नको. विश्वास आज्ञेनं बसत नाही. दाखवून, ऐकवून बसतो. फुटबॉलनंही २०२३च्या महिला विश्वचषकात पंचाला माइक देऊन तीच वाट धरली.

म्हणून महासंघाकडं माझ्या चार मागण्या आहेत.

एक, कोणती पद्धत, कोणत्या स्पर्धेत, कधीपासून आणि किती खर्चात, याचं वेळापत्रक जाहीर करा. आयएसएलपुरतं थांबू नका. आय-लीग, संतोष ट्रॉफी आणि महिलांची लीग यांचा विचार त्यात असू द्या.

दोन, पडद्यावर बघून दिलेला प्रत्येक निर्णय पंचानं माइकवरून कारणासह सांगावा. जमेल तिथं स्थानिक भाषेतही.

तीन, गाजलेल्या वादांवर पंच समितीनं आठवड्याच्या आत लेखी खुलासा करावा. चूक असेल तर ‘चूक’ असंच म्हणावं. त्यानं पंचाची अब्रू जात नाही. गप्प बसल्यानं जाते, कारण मग लोक पैशाच्या गोष्टी रचतात.

चार, आणि ही सगळ्यात महत्त्वाची : कॅमेऱ्यावर एक रुपया खर्च कराल तर पंचावर दोन करा. जिल्ह्याच्या पातळीवर प्रशिक्षण, बरं मानधन, सामन्यानंतर सुरक्षित घरी जाण्याची सोय. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरच्या मातीतून आला. खेळाडू जिथून येतात, तिथून पंचही येऊ शकतात. पण रोज शिव्या खायच्या आणि हातात काही पडायचं नाही, अशा कामाला शहाणा मुलगा का येईल?

या पत्राचं उत्तर मला वैयक्तिक नको. महासंघाच्या नावानं जाहीर करा आणि त्यात एक तारीख असू द्या. ती पाळता आली तर आनंद आहे. नाही आली तर का नाही आली, एवढं सांगा. पंचाकडून आम्ही जे मागतो, तेच पंचांच्या मालकांकडूनही मागतो आहोत.

कळावे,

आपला,
एक फुटबॉलवेडा प्रेक्षक
माधवनगर, जि. सांगली