पथ्य आणि पथ्याचे खूळ

वैशाख पौर्णिमेच्या दिवशी मुर्ध्यात आमच्या हातून एक आगळीक झाली. ती आधी कबूल करतो आणि मग विषयाकडे वळतो.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या बसने मुर्ध्याला उतरले की थोड्याच अंतरावर आमच्या नात्यातल्या एका मावशींचे घर आहे. वय सत्तरीच्या पुढे. उभा जन्म मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहण्यात गेला. सकाळची वंदना आटोपून आम्ही चार-पाच कार्यकर्ते त्यांच्याकडे गेलो. मावशींनी खीर केली होती. वाटी पुढे आली तसा आम्ही हात आडवा धरला. नुसते "नको" म्हटले असते तर भागले असते. पण आम्ही साखर, दूध आणि पांढरा तांदूळ या तिन्हींवर चांगले पाच मिनिटे बोललो. कार्यकर्त्याला भाषणाची सवय, दुसरे काय!

मावशींनी ऐकून घेतले. मग सुनेला म्हणाल्या, "वाटी उचल गं. साहेबांना आपल्या हातचं चालत नाही आता."

वाचकहो, या वाक्याचा अर्थ आपल्या समाजात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्या पिढीने दुसऱ्याच्या दारात ओंजळीत वरून ओतलेले पाणी प्यायले, त्या पिढीतल्या बाईची वाटी आम्ही तिच्याच घरात परत केली. आमचे कारण मधुमेहाचे होते. तिला दिसला तो आडवा हात.

पुढचे ऐका. अर्ध्या तासाने आमचे हात थरथरू लागले. अंगाला दरदरून घाम सुटला, बोलताना शब्द सापडेना. सोबत्यांना वाटले, ऊन लागले. मावशींनी मात्र एकदाच तोंडाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "ह्याची शुगर उतरलीय. सकाळी काय खाल्लंस रे?" सकाळी आम्ही गोळी घेतली होती आणि वर दोन काकड्या खाल्ल्या होत्या. त्यांनी पाण्यात तीन चमचे साखर ढवळून पेला आमच्या हातात दिला. पंधरा मिनिटांत आम्ही माणसांत आलो. मग थोडा वरणभात खायला लावला. मावशींना स्वतःला बारा वर्षे मधुमेह आहे, हे आम्हांला तेव्हा कळले. एवढी वर्षे आम्ही विचारलेच नव्हते.

आता हे खूळ आमच्या डोक्यात शिरले कसे? दोन वर्षांपूर्वी तपासणीत तीन महिन्यांच्या सरासरीचा, म्हणजे एचबीएवनसीचा आकडा ८.९ निघाला. डॉक्टरांनी सांगितले ते साधे होते. भात निम्मा करा, डाळ-भाजी वाढवा, गोड बंद, रोज चाला, गोळी वेळेवर घ्या आणि गोळीबरोबर जेवण चुकवू नका. हे पथ्य. सहा महिन्यांत आकडा सातच्या खाली आला. इथे थांबायला हवे होते. पण चर्चगेट लोकलमध्ये रोज तास-सव्वा तास बसायचे आणि हातात मोबाईल. साखर गेली होतीच. मग भात पूर्ण गेला. मग केळे, आंबा, बटाटा. मग गाजर, दूध, शेवटी चपातीसुद्धा. घरात पत्नीला दोन स्वयंपाक करावे लागू लागले. लग्नकार्यात आम्ही आधी पंगतीकडे पाहायचो आणि मग माणसांकडे.

अमेरिकेतले एक डॉक्टर स्टीव्हन ब्रॅटमन यांनी १९९७ साली या वेडाला नाव दिले, 'ऑर्थोरेक्सिया'. शुद्ध, योग्य तेच खाण्याचा ध्यास इतका वाढतो की जगणे त्याच्याभोवती फिरू लागते. धडधाकट माणसाच्या बाबतीत ते ओळखणे त्यातल्या त्यात सोपे. मधुमेहीची पंचाईत अशी की त्याला घास मोजावाच लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला पथ्य आणि खूळ सारखेच दिसते. त्यात आपले नातेवाईक! "एका लाडवाने काय होतंय?" असा आग्रह करणारे दहा घरी भेटले तर दहा लाडू होतात. तिथे नाही म्हणणे हा हेकटपणा नव्हे.

मग फरक कुठे? आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, आम्हांला हिशेबाची भाषा समजते. पथ्याचा ताळा जमवता येतो. जेवणाआधी साखर किती, जेवणानंतर दोन तासांनी किती, तीन महिन्यांनी सरासरी किती, ते पाहून भाकरी अर्धी कमी करायची की वाढवायची हे ठरते. खुळाला ताळ्याची गरजच नसते. आमचे मीटर महिनाभर कपाटात होते आणि आम्ही यादीतून रोज एक पदार्थ खोडत होतो. पौर्णिमेनंतर डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "जेवण तोडायला कुणी सांगितलं होतं?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात आहारावरून केवढी रणधुमाळी झाली ते आठवत असेल. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर आधारलेला डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा मार्ग म्हणजे दिवसातून दोनदाच जेवण, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत. ऋजुता दिवेकरांचे म्हणणे, थोडे थोडे वेळच्या वेळी खा. आमच्या कचेरीत दोन तट पडले होते. त्या वादात न्यायाधीश होण्याची आमची पात्रता नाही. पण इन्सुलिन घेणाऱ्याने, किंवा ग्लिमेपिराइडसारखी शरीरातले इन्सुलिन वाढवणारी गोळी घेणाऱ्याने, आपल्या डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा बदलल्या तर काय होते हे आम्ही अंगावर काढले आहे. साखर ७० च्या खाली आली की तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी, मग काही खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट इस्पितळ गाठावे. घरातल्या मुलांनाही हे शिकवून ठेवा.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. द्रोणभर भात खाऊन धापा टाकत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपवास सांगितला नाही, की तांदूळ वाईट असे म्हटले नाही. भोजनाची मात्रा ओळखणाऱ्या माणसाविषयी एक गाथा म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला रोज शंभर कहापण देऊन जेवताना ती गाथा म्हणायला ठेवले आणि पायरीपायरीने एका नाळीभर भातावर आला. नाळी म्हणजे माप. भात तोच, माप बदलले.

आणि बाबासाहेब? १९४८ पासून मधुमेहाने त्यांना ग्रासले होते. पायांच्या वेदना, झोप नाही, इन्सुलिन चालू. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. माईसाहेब स्वतः डॉक्टर. जेवण, औषध, विश्रांती सगळ्यांच्या वेळा त्यांनी हाती घेतल्या. भेटायला येणाऱ्यांवरही बंधने आली आणि ती काही कार्यकर्त्यांना रुचली नाहीत. पथ्य सांभाळणाऱ्या बाईच्या वाट्याला बोलणी येतात ती अशी. पण त्याच आजारी शरीराने संविधानाचे काम तडीस गेले, १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा झाली, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहून झाला. ताटात काय आहे यावर बोलत बसायला त्यांना वेळ कुठे होता?

परवाच्या रविवारी आम्ही पुन्हा मुर्ध्याला गेलो. माफी मागायची होती, पण मावशींनी तो विषय काढूच दिला नाही. त्यांच्या घरात रेशनचा तांदूळ येतो, तोच सगळे खातात. बदाम, ऑलिव्ह तेल आणि परदेशी धान्यांच्या याद्या त्या घराला लागू नाहीत. मावशींची एक जर्मनची वाटी आहे, काठाला पोचा आलेली. त्या वाटीने एक वाटी भात, त्यावर डाळ, बाजूला मेथी आणि सुकटीचा एखादा तुकडा. दुसऱ्यांदा भात नाही. जेवण एकला म्हणजे एकला. खीर पौर्णिमेलाच, दोन चमचे, आणि त्या दिवशी भात अर्धी वाटी. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" आम्ही विचारले. म्हणाल्या, "सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी. तुझं काय ते मोबाईलवालं, ते मला नाय कळत."

मावशींच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा ७.१ आहे. आमचा ६.३, पण तो कसा आणला हे आता जगजाहीर झाले. गोळी डॉक्टरांनी बदलून दिली आहे. मावशींनी तसलीच दुसरी वाटी शोधून ठेवली आहे. ती या आठवड्यात घरी न्यायची आहे.